घटस्फोट घेताना मुलांचं कसं ठरवायचं? मध्यस्थीतून पालकत्वाचा आराखडा: सातारा-सांगलीच्या आईवडिलांसाठी

‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी जाबदार यांनी मुलास भेटावे.’ आदेशात असं एक वाक्य येतं (जाबदार म्हणजे दाव्यातली समोरची बाजू, इथे वडील) आणि दोन्ही बाजूंना वाटतं, चला, विषय मिटला. मग पहिला शनिवार उजाडतो. शाळा सकाळची, ती सुटणार दुपारी. वडील सांगलीहून निघालेले, मूल साताऱ्यात. भेटायचं कुठे, किती वेळ, मूल जेवून येणार की उपाशी, रात्री मुक्काम करणार का, शनिवारी परीक्षा असली तर काय, यातलं काहीच आदेशात नाही. पुढच्या तारखेला दोघांचे वकील नवे अर्ज घेऊन उभे.

यात न्यायाधीशांना दोष देण्यासारखं काही नाही. मुलीचा क्लास किती वाजता सुटतो, मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आजीशिवाय त्याला झोप लागते का, ही माहिती जगात फक्त दोन माणसांकडे असते आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नसतात. त्यांना एका टेबलाशी बसवून ही माहिती कागदावर उतरवण्याची सोय मध्यस्थीत आहे. ‘ताबा कुणाला’ या प्रश्नावर दहा तारखा घालवण्यापेक्षा ‘सोमवारी सकाळी डबा कोण भरणार’ इथून सुरुवात केली, तर निम्म्याहून जास्त गोष्टी आपोआप ठरत जातात, असं माझं मत आहे. त्यातून जो कागद तयार होतो त्याला वकील मंडळी पेरेंटिंग प्लॅन म्हणतात. आपण आराखडा म्हणू.

आधी कायदा, मोजक्या शब्दांत

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या दाव्यातच मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च याबद्दल आदेश होऊ शकतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. पण त्याच कायद्याचं कलम १३ मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतं. म्हणजे पाचवा वाढदिवस झाला की मूल वडिलांकडे, असा कुठलाही नियम नाही. हा गैरसमज गावागावांत आहे आणि त्यातून उगाच भांडणं पेटतात. मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना त्यांचे व्यक्तिगत कायदे आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा लागू होतो. तिथेही कसोटी मुलाच्या हिताचीच.

विधी आयोगाने मे २०१५ मध्ये दिलेल्या २५७व्या अहवालात मुलांच्या ताब्याबद्दल मध्यस्थी आणि पालकत्वाचे आराखडे यांची शिफारस केली होती. ती कायद्यात उतरलेली नाही. म्हणून आराखड्याचा ठरलेला सरकारी फॉर्म शोधत बसू नका. दोघांनी सह्या केलेला आणि न्यायालयाने आदेशात घेतलेला कागद हाच तुमचा आराखडा.

दार कुठलं ठोठवायचं

दावा आधीच दाखल असेल तर सोपं आहे. तुमच्या वकिलांना पुढच्या तारखेला ‘प्रकरण मध्यस्थीकडे पाठवावे’ असा अर्ज द्यायला सांगा. तोंडी विनंतीही चालते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ आणि कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम ९ यांत अशा तडजोडीची तरतूद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये के. श्रीनिवास राव विरुद्ध डी. ए. दीपा या निकालात वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवण्यावर भर दिला आहे.

दावा दाखल नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. त्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयाशी जोडलेलं असतं. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. तिथे दाखलपूर्व अर्ज द्या. साधा कागद पुरतो: दोघांची नावं, पत्ते, लग्नाची तारीख, मुलांची वयं आणि ‘मुलांच्या राहण्या-भेटण्याबाबत मध्यस्थी हवी’ एवढं वाक्य. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर १५१०० हा टोल फ्री नंबर आहे. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थाची फी पक्षकारांना द्यावी लागत नाही.

पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की नांदण्याचा विषय संपला आहे, आता मुलांचं ठरवायचं आहे. नाहीतर पहिल्या दोन बैठका ‘पुन्हा एकदा विचार करा’ यातच जातात. अजून विचार करायचा असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. समुपदेशक तुमच्या नात्याकडे बघतो, लवाद निर्णय देतो. मध्यस्थ यातलं काही करत नाही. तो बोलणं चालू ठेवतो आणि ठरलेलं लिहून घेतो.

एक इशारा. वाद चालू असताना मुलाची शाळा गुपचूप बदलून त्याला दुसऱ्या जिल्ह्यात नेऊ नका. १८९० च्या कायद्यात मूल नेहमी राहतं तिथलं न्यायालय अर्ज ऐकतं, म्हणून काही जण ही चाल खेळतात. मध्यस्थीच्या टेबलावर त्यानंतर विश्वास नावाची चीज उरत नाही.

बैठकीआधीचा अभ्यास

दोघांनी वेगवेगळं बसून मुलाचा एक आठवडा लिहावा. सोमवार ते रविवार, उठण्यापासून झोपेपर्यंत. उठवतं कोण, व्हॅन किती वाजता, शिकवणी कुठे, दूध पितो की नाही, संध्याकाळी कुणाबरोबर खेळतो, रात्री कुणाजवळ झोपतो. हे खोटं लिहायला अवघड असतं. ज्या पालकाला मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव माहीत नाही, त्याला ते लिहिताना आपोआप कळतं. कुणी टोमणा मारावा लागत नाही.

सोबत फाईल करा: जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, चालू वर्षाच्या फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद, दोघांच्या पगाराच्या स्लिपा किंवा शेतीचे सातबारा आणि कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांना उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं. ते तयार असेल तर मध्यस्थासमोर आकड्यांवर अंदाजपंचे बोलणं थांबतं.

आणि हो, स्त्रीधन, लग्नाचा खर्च, ४९८अ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) खालची छळाची तक्रार, जमिनीतला हिस्सा हे विषय त्या दिवशी घरी ठेवून या. त्यांच्यासाठी वेगळी बैठक मागा. ‘दागिने दे, मग मूल भेटेल’ हे वाक्य खोलीत आलं की मुलाचा भाव ठरायला लागतो.

खोलीत काय होतं

पहिली बैठक बहुधा एकत्र. मध्यस्थ नियम सांगतो, दोघांना मधे न तोडता बोलू देतो. त्यानंतर एकेकाशी स्वतंत्र बैठक. तिथे सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला कळत नाही. मोती राम विरुद्ध अशोक कुमार (२०११) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की मध्यस्थाने न्यायालयाला तडजोड झाली की नाही एवढंच कळवायचं. कोण काय म्हणालं ते नाही. त्यामुळे ‘मी एवढं कबूल केलं तर उद्या माझ्याविरुद्ध वापरतील’ ही भीती सोडा. फोनवर चोरून रेकॉर्डिंगही करू नका.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते. जोडप्याबरोबर मामा, चुलते, भावकीतला एखादा पुढारी आणि एक माजी सरपंच असा लवाजमा येतो. त्यांना बाहेर बाकावर बसवायची विनंती मध्यस्थाला आधीच करा. मात्र ज्या आजीने मूल वाढवलं आहे तिचं म्हणणं आराखड्यात यायलाच हवं. तिच्यासाठी मध्यस्थ दहा मिनिटं वेगळी देऊ शकतो.

मुलाला सोबत आणू नका. मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात स्वतंत्र बोलू शकतात. घरी मात्र ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही, मावशीनेसुद्धा. ‘शाळेतून आल्यावर तुला काय करायला आवडतं?’ एवढं विचारा, त्यातून बरंच कळतं.

वयाप्रमाणे माप बदलतं

अंगावर पिणाऱ्या बाळाला पंधरा दिवसांतून एकदा दिवसभर नेण्यात काही अर्थ नाही. ते त्या माणसाला विसरतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीनदा तासभर, बाळाच्याच घरी किंवा जवळच्या नातलगाकडे. तीन-चार वर्षांच्या पुढे दिवसभराची भेट, मग एका रात्रीचा मुक्काम. शाळेच्या वयात शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे मोठे तुकडे. नववी-दहावीच्या मुलाला मित्र आणि क्लास आईबापांपेक्षा जवळचे असतात; त्याच्यासाठी घट्ट वेळापत्रक करू नका, ‘महिन्यातून किमान इतके दिवस’ एवढंच लिहा. भावंडं शक्यतो एकत्र ठेवा. एक तुला, एक मला, ही वाटणी भांड्यांची असते.

आता लिहायचं काय

इथे वेळ द्या. समजा आई साताऱ्यात माहेरी राहते, वडील सांगलीत विश्रामबागला, मुलगा दुसरीत. पहिला मसुदा असा असू शकतो:

‘वडिलांनी दुसऱ्या व चौथ्या शनिवारी दुपारी १ वाजता मुलास शाळेच्या फाटकातून घ्यावे व रविवारी सायंकाळी ६ वाजता कऱ्हाड बसस्थानकावर आईकडे सोपवावे. उशीर होत असल्यास फोन करावा. न कळवता एक तासाहून अधिक उशीर झाल्यास त्या वेळची भेट रद्द समजावी. मूल आजारी असल्यास आईने डॉक्टरांची चिठ्ठी त्याच दिवशी पाठवावी व बुडालेली भेट पुढील शनिवारी द्यावी. पाचव्या शनिवारी मूल आईकडे राहील.’

शाळेच्या फाटकातून घेण्यात एक खुबी आहे. आईने सकाळी सोडलं, वडिलांनी दुपारी घेतलं, दोघं समोरासमोर आलीच नाहीत. मुलाला कुणाच्या हातातून ओढून नेल्यासारखं वाटत नाही. परतताना कऱ्हाड घेतलं कारण ते दोघांच्या मध्ये पडतं. प्रवासाचा भार एकाच माणसावर टाकला की तोच आधी कंटाळतो. पोलीस ठाणं मात्र सोपवण्याची जागा म्हणून लिहू नका. धोका खरोखरच असेल तर गोष्ट वेगळी.

सांगलीकरांनी एक कलम न विसरता घालावं. २००५, २०१९, २०२१ चे पूर आठवा. ‘आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांच्या इशारा पातळीवर पोचल्यास मुलाची ने-आण थांबेल, त्या दिवशी व्हिडिओ कॉल होईल व भेट पूर ओसरल्यावर दिली जाईल.’ वाचायला गंमत वाटते. पण जुलै-ऑगस्टमध्ये ‘पाण्याचं निमित्त करून मूल दिलं नाही’ हे भांडण अशा एका ओळीने टळतं.

सण तारखेवर लिहू नका, तिथीवर चालतात ते. वर्ष वाटून घ्या: सम वर्षी गौरी-गणपती वडिलांकडे आणि दिवाळीत लक्ष्मीपूजन-पाडवा आईकडे, विषम वर्षी उलट. भाऊबीज वेगळी काढा, कारण ती आतेमामे भावंडांच्या भेटीची असते. गावची यात्रा, बेंदूर, ईद, नाताळ, घरात जे असेल ते. ‘यात्रेचा मुख्य दिवस आणि आदला दिवस’ असं लिहिलं की पुरतं. मुलाच्या वाढदिवसाला दोन केक कापायची गरज नाही. ज्याच्याकडे मूल नसेल त्याला संध्याकाळचे दोन तास द्या. मेच्या सुट्टीचे दोन सरळ भाग करा आणि शाळा सुरू होण्याआधीचा शेवटचा आठवडा मूल शाळेच्या गावातच राहील असं लिहा. वह्या, दप्तर, गणवेश यांची घाई त्याच आठवड्यात असते.

पालकाच्या धंद्याचं वेळापत्रक लपवू नका. तासगावच्या द्राक्षबागायतदाराची ऑक्टोबरची छाटणी आणि दिवाळीची सुट्टी हमखास एकमेकांवर येतात. जानेवारी ते मार्च माल काढणी. अशा वडिलांनी दिवाळीचा हट्ट धरून मूल दिवसभर आजीकडे सोडण्यापेक्षा मे महिन्यात जास्त दिवस मागावेत. ऊसतोडीच्या हंगामातही तेच.

बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंधरवड्याचं गणित निरुपयोगी आहे. विटा-आटपाडी भागातले गलाई (सोनं-चांदी गाळण्याचे) व्यावसायिक देशाच्या कुठल्या कुठल्या गावांत दुकान टाकून बसलेले असतात, आणि साताऱ्यातल्या कितीतरी घरांतला माणूस फौजेत असतो. फौजीची रजा कधी मंजूर होईल हे त्याच्याही हातात नसतं. त्याच्यासाठी कलम असं करावं: ‘रजा मंजूर झाल्यावर किमान ७ दिवस आधी कळवावे, रजेतील निम्मे दिवस मूल वडिलांकडे राहील, शाळेच्या दिवशी मूल शाळेत जाईल.’ उरलेल्या काळासाठी व्हिडिओ कॉल. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीसोबत फोन-व्हिडिओवरच्या संपर्काचाही विचार केला आहे. कॉलची वेळ लिहा, बुधवार आणि रविवार रात्री ८ ते ८.२० अशी. कॉल चालू असताना मागून ‘सांग त्यांना, फी कुठाय’ असं कुणी ओरडणार नाही, हेही लिहा. हसू नका, लिहावंच लागतं.

बाकीच्या गोष्टी पटकन. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, पासपोर्ट, धार्मिक विधी यांसाठी दोघांची लेखी संमती. ताप-खोकल्याला ज्याच्याकडे मूल असेल त्याचा निर्णय. शाळेच्या नोंदीत दोघांचे नंबर, पालकसभेला दोघांना मुभा. गाव सोडून दुसरीकडे राहायला जायचं असेल तर ६० दिवस आधी लेखी सूचना. मुलाचे फोटो भांडणाच्या स्टेटसला टाकायचे नाहीत. दुसरं लग्न झालं तर नव्या माणसाची ओळख मुलाला कशी आणि कधी करून द्यायची, हे आज अवघड वाटलं तरी दोन ओळी लिहून ठेवा.

मुलाचा खर्च

आईचा पोटगीचा हक्क आणि मुलाचा खर्च हे दोन वेगळे आकडे ठेवा. ‘एकरकमी घेतले, आता मुलासाठी काही मागणार नाही’ असं कलम सर्रास लिहिलं जातं. आईवडिलांना मुलाचा हक्क सोडून देता येत नाही, मूल पुढे मागू शकतं. म्हणून ते कलम निव्वळ शाई वाया घालवतं.

दरमहाचा खर्च ठरावीक तारखेला, बँक खात्यात, दरवर्षी किती वाढणार ते लिहून. रोख नको, पावती नसलेली रक्कम दोघांच्या आठवणीत वेगवेगळी असते. फी, वह्या-पुस्तकं आणि दवाखान्याचं मोठं बिल दरमहाच्या रकमेत धरलंय की वेगळं, ते स्पष्ट करा. शेतकरी बापाला दरमहा जमत नसेल तर ऊसबिल येतं त्या महिन्यात मोठा हप्ता, असंही ठरवता येतं. मुलीचं सुकन्या खातं असेल तर त्यात कोण भरणार तेही लिहा. खर्च थकला म्हणून भेट रोखायची नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून खर्च थांबवायचा नाही, हे वाक्य स्वतंत्र कलम म्हणून घाला.

सहीआधी तालीम

परस्पर संमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली पहिला अर्ज आणि दुसरा टप्पा यांत सहा महिन्यांचं अंतर असतं. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर (२०१७) या निकालाने ते माफ होऊ शकतं, पण त्यासाठी पोटगी आणि मुलांचा ताबा यांसह सगळं खरोखर मिटलेलं असावं लागतं. माफी मागायची घाई सगळ्यांना असते. मुलं लहान असतील तर माझा सल्ला उलटा आहे: हे सहा महिने आराखडा चालवून बघायला वापरा. मसुदा तात्पुरता म्हणून सुरू करा, मोबाईलच्या कॅलेंडरवर नोंदी ठेवा. रविवारी सहाची वेळ मुलाला जड जाते, सोमवारी तो शाळेत पेंगतो, हे दोन महिन्यांत कळतं. मग मध्यस्थाकडे परत बसून पाचची वेळ करा आणि पक्का कागद लिहा.

पक्का मसुदा दोन्ही वकिलांनी वाचावा, मराठीत असावा, ज्याला सही करायची आहे त्याने तो स्वतः मोठ्याने वाचून काढावा. मग तडजोडीच्या अटी किंवा तडजोड पुरसीस (न्यायालयाला दिलेलं लेखी निवेदन) म्हणून तो न्यायालयात दाखल होतो. न्यायाधीश दोघांना विचारतात, समजून-उमजून केलंय ना, दबाव नाही ना. मुलाच्या हिताविरुद्ध काही दिसलं तर बदल सुचवतात. हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशात, ‘तडजोडीच्या अटी या हुकूमनाम्याचा भाग राहतील’ असे शब्द आले आहेत ना, ते त्याच दिवशी बघून घ्या.

कधी मध्यस्थीला बसू नये

मारहाण, धमकी, व्यसनातून होणारा धोका किंवा मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर समान टेबल नसतंच. अत्याचाराची बाब तर तडजोडीचा विषयच नाही. पोलीस, ११२ किंवा मुलांसाठी १०९८. घरगुती हिंसाचार कायदा, २००५ च्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेटीने मुलाला इजा होईल असं वाटलं तर भेटच नाकारू शकतात. धोका त्याहून कमी पण भीती मोठी असेल, तर मध्यस्थाला आधी सांगा: वेगळ्या खोल्या, वेगळ्या वेळा, आणि सुरुवातीच्या भेटी तिसऱ्या माणसाच्या देखरेखीखाली. मध्यस्थी कधीही मधूनच सोडता येते. सोडली म्हणून दाव्यावर वाईट परिणाम होत नाही.

हुकूमनाम्यानंतर

मुलांबद्दलचा आदेश दगडावरची रेघ नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रोझी जेकब (१९७३) या निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेश बदलता येतो. म्हणून आराखड्यात शेवटी दोन गोष्टी लिहा: दरवर्षी मे महिन्यात दोघं एकदा तो वाचतील आणि गरज पडली तर बदलतील, मतभेद झाला तर न्यायालयात जाण्याआधी एकदा मध्यस्थाकडे जातील. समोरचा ऐकतच नसेल तर दरखास्त (आदेश अमलात आणण्यासाठीचा अर्ज) दाखल करता येते, पण एका बुडालेल्या शनिवारासाठी नको. तीन-चार वेळा झालं, नोंदी आहेत, मेसेज आहेत, मग जा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलंच तर सातारा आणि सांगलीकरांना आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे.

निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्या आणि प्रमाणित नकला जास्त घ्या. एक घरी, एक वकिलांकडे, एक पासपोर्टसारख्या कामांसाठी. शाळेला पूर्ण नक्कल देऊ नका. मूल कोण नेऊ शकतं आणि कोणत्या वारी, एवढ्याच पानाची झेरॉक्स दोघांच्या सहीने मुख्याध्यापकांकडे द्या. पोटगीचे आकडे स्टाफरूममध्ये पोचायचं कारण नाही.